२,१४,७४,८३,६४७ : एका आकड्यावर आलेली पत्रं

मागच्या अंकात या पानाच्या तळाशी मी एक आकडा छापायला दिला होता, २१४७४८३६४७, आणि सोबत एकच ओळ, हा कुठे भेटलाय का तुम्हाला? पत्रं आणि ईमेल मिळून इतकं काही आलंय की या महिन्याचं अख्खं सदर मी त्यालाच देतेय, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी नक्की घेईन.

बऱ्याच जणांनी आधी हेच विचारलंय की हा वाचायचा कसा. तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकं दहं शतं करत गेलात की बरोब्बर दहा घरं भरतात, शेवटचं घर अब्जाचं. आणि हा तयार होतो कसा तर १ घ्या आणि दुप्पट करत सुटा. दहा वेळा दुप्पट केलं की १,०२४, वीस वेळा केलं की १०,४८,५७६, तीस वेळा १,०७,३७,४१,८२४, आणि अजून एकदा केलं की २,१४,७४,८३,६४८. त्यातून एक काढून टाका. झाला आपला आकडा. म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा एक.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध सोसायटीचा हिशोब बघतो. आमचा प्रोग्रॅम जुना आहे, ओळखीतल्या एका पोराने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून दिलेला. मार्चअखेर वर्षाची बेरीज मारली तर स्क्रीनवर उणे २,१४,४१,३३२ रुपये ४६ पैसे आले. रोजच्या पावत्या दोनदा तपासल्या, सगळ्या बरोबर. तुमचा आकडा बघितला, सुरुवात सारखी दिसली म्हणून लिहितोय.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मी कॅल्क्युलेटरच काढला. तुमची नजर बरोबर गेलीये.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रक्कम रुपयात न ठेवता पैशात ठेवलेली असणार, पुष्कळ जण तसंच करतात, म्हणजे पॉइंटची भानगड राहत नाही. आणि ती रक्कम ठेवायला त्याने कॉम्प्युटरमध्ये बत्तीस बटणांची एक पट्टी घेतलीये. एकेक बटण चालू किंवा बंद. पहिलं बटण अधिक का उणे ते सांगायला राखून ठेवलेलं, राहिली एकतीस. त्यांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६ अशा दुप्पट दुप्पट. आता एकतीसच्या एकतीस चालू केली तर बेरीज किती होते? १ + २ = ३, १ + २ + ४ = ७, पुढचं धरलं की १५. दरवेळी पुढच्या दुपटीला एक कमी. म्हणून एकतीस बटणांची सगळ्यात मोठी बेरीज म्हणजे २,१४,७४,८३,६४७. एवढे पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. तुमच्या सोसायटीची बेरीज त्याच्यावर एक पैसा जरी गेली तरी एकतीस बटणं बंद होऊन हातचा सरकतो तो थेट उण्याच्या बटणावर, आणि मशीन वाचतं उणे २,१४,७४,८३,६४८. जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावर यायचा ना, तसंच, फक्त इथे मीटर शून्यावर न येता थेट उण्याच्या टोकाला जाऊन बसतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो.

मग तुमची खरी रक्कम काढायची कशी? मीटरची एक पूर्ण फेरी म्हणजे २ चा ३२ वा घात एवढे पैसे, रुपयात ४,२९,४९,६७२.९६. त्यातून २,१४,४१,३३२.४६ वजा करा. २,१५,०८,३४०.५० उरतात. मी फोनवर विचारलं की हाताने केलेल्या रजिस्टरमध्ये किती बेरीज आहे, आणि तुम्ही पान उलटून वाचून दाखवलंत, दोन कोटी पंधरा लाख आठ हजार तीनशे चाळीस, पन्नास पैशांसकट. मला खरंच खूप आनंद झाला. तुमचा एक रुपयासुद्धा कुठे गेलेला नाही. आता ज्याला प्रोग्रॅम कळतो अशा कुणाकडून ती जागा चौसष्ट बटणांची करून घ्या, आणि तोवर रजिस्टर सोडू नका.

प्रश्न : ताई, मी लातूरला दहावीत आहे. इंटरनेटवर लिहिलंय की तुमचा आकडा मूळ संख्या आहे. वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की लिहिलंय म्हणजे असेल. पण कुणी खरंच भागून बघितलंय का? किती वेळा भागावं लागतं?

उत्तर : तुझ्या प्रश्नासाठी मी जास्तीत जास्त जागा ठेवलीये, कारण हा आकडा मला आवडतो तो ह्याच गोष्टीसाठी.

आधी हे बघ की नुसतं लिहिलंय म्हणून मानलं तर काय होतं. इटलीतल्या बोलोन्याच्या कातालदी नावाच्या गणित्याने १६०३ साली छापलं की २ चा २३ वा, २९ वा, ३१ वा आणि ३७ वा घात घेऊन एक वजा केला तर चारही वेळा मूळ संख्या मिळते. फर्मा ह्या फ्रेंच गणित्याने १६४० मध्ये २३ आणि ३७ चं खोटं पाडलं, ऑयलर ह्या स्विस गणित्याने १७३८ मध्ये २९ चं. चारातले तीन चुकले आणि ३१ चा तेवढा बरोबर निघाला. पण तो बरोबर आहे हे कातालदीला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. ते माहीत झालं १७७२ मध्ये, ऑयलरने बर्नुली घराण्यातल्या एका गणित्याला पत्र लिहिलं तेव्हा. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, वय पासष्टच्या आसपास, आणि दृष्टी जवळपास गेलेली.

आता भागाकार किती ते मोजू. शाळेत शिकलीस तसं वर्गमूळापर्यंतच बघायचं. ४६,३४० चा वर्ग आपल्या आकड्यापेक्षा थोडा कमी भरतो आणि ४६,३४१ चा जास्त, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्या पुरे. पण त्यासुद्धा पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत. एका भागाकाराला पाच मिनिटं धरली आणि रोज दोन तास बसलीस तर सहा-सात महिने लागतील. ऑयलरने एवढं केलं नाही. त्याने आधी डोकं चालवून चाळणी लावली आणि मग भागायला ज्या मूळ संख्या उरल्या त्या होत्या ८४. पाच मिनिटांच्या हिशोबाने सात तास!

ही चाळणी तुला दहावीच्या गणितात पण समजेल, एका छोट्या भावंडावर दाखवते. २ चा ११ वा घात वजा एक म्हणजे २०४७. ह्याला २३ ने भाग जातो, २३ × ८९. आता १ पासून दुप्पट करत जा आणि दरवेळी २३ ने भागून उरलेली बाकी लिही : १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि परत १. अकरा पावलांत गोल पूर्ण. अकराच का, तर २ चा ११ वा घात हा २०४७ पेक्षा एकने मोठा, आणि २०४७ ला २३ ने पूर्ण भाग जातो, मग बाकी १ च उरणार. दुसरी गोष्ट फर्माची, की मूळ संख्या २३ असेल तर २२ वेळा दुप्पट केल्यावर बाकी १ वर यायलाच पाहिजे. म्हणजे अकरा पावलांचा गोल बावीस पावलांत नेमका बसला पाहिजे, आणि बसतोच, दोनदा. ८९ चं पण तसंच, ८८ म्हणजे आठ अकरे.

हेच आपल्या आकड्याला लाव. समज त्याला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. मग त्या संख्येच्या बाक्यांचा गोल ३१ पावलांचा झाला. ३१ स्वतः मूळ संख्या आहे त्यामुळे त्याच्या आत छोटा गोल लपलेला असायची सोय नाही. आणि हा गोल त्या संख्येतून एक वजा केल्यावर जे येतं त्यात नेमका बसायला पाहिजे, म्हणजे वजा एक केलेली संख्या ३१ च्या पाढ्यात. शिवाय ती सम असणार, कारण मूळ संख्या विषम आहे. म्हणजे ६२ च्या पाढ्यात. झालं, आता भागायला फक्त ६२ च्या पाढ्यात एक मिळवून येणारे आकडे : ६३, १२५, १८७, २४९, ३११, असे.

ऑयलरने ह्याच्यावर अजून एक चाळणी लावली. २ चा ३१ वा घात भागून बाकी १ उरते तर ३२ व्या घाताची बाकी २ उरणार. आणि ३२ वा घात हा ६५,५३६ चा वर्ग आहे. म्हणजे एका वर्गाला भागून २ उरले. असं सगळ्याच मूळ संख्यांच्या बाबतीत होत नाही. ७ च्या बाबतीत होतं, ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ च्या बाबतीत ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ च्या बाबतीत ५ चा वर्ग २५, बाकी २. पण ५ किंवा ११ किंवा १३ घेऊन कितीही वर्ग तपास, २ उरणारच नाहीत. नियम असा आहे की ज्या विषम मूळ संख्येला ८ ने भागून १ किंवा ७ उरतात तिलाच हे जमतं. हा नियम का चालतो ते इथे मावणार नाही, कॉलेजात शिकशील तेव्हा आठवण ठेव. पण ह्याने आपली यादी एकदम अर्धी होते : ६३, २४९, ३११, ४९७, ५५९ अशी पुढे. आणि त्यातल्या ६३ आणि २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३, असे फुटणारे सगळे काढून टाकायचे. म्हणून पहिला खरा उमेदवार ३११, आणि त्याच्यापुढचा थेट १,३०३, मग १,४८९.

मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चौकटीची वही घेऊन बसले होते. ३११ चा मोठा भागाकार पूर्ण केला, ६९,०५,०९२ भाग लागला आणि बाकी ३५. मग लक्षात आलं की एवढा लांब भागाकार करायची गरजच नाही, बाक्यांवरच काम भागतं. १० वा घात १,०२४, त्याला ३११ ने भागून ९१ उरतात. २० व्या घातासाठी ९१ चा वर्ग ८,२८१, बाकी १९५. ३० व्यासाठी १९५ × ९१ म्हणजे १७,७४५, बाकी १८. एकदा दुप्पट ३६, त्यातून एक गेला, ३५. तीच बाकी, तीन ओळींत! ह्या पद्धतीने १,३०३ ला २२६ उरले, १,४८९ ला १९९. चार दिवस रोज सकाळी दोन तास बसले आणि ८४ पूर्ण केले, शून्य एकदाही आलं नाही. शेवटची बाकी लिहिली तेव्हा जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही, कारण त्या क्षणापासून हा आकडा मूळ आहे हे मला कुणी सांगितलेलं राहिलं नव्हतं. तू पण निदान पहिले पाच कर. वही पाठवलीस तर मी तपासून परत पाठवीन.

प्रश्न : आकड्यांची बेरीज ४६, पुन्हा केली की १०, मग १. मोबाइल नंबरसाठी हा शुभ धरावा का? (ठाण्याहून)

उत्तर : शुभ-अशुभ मी बघत नाही, पण बेरीज तुम्ही बरोबर केलीत आणि तिचा उपयोग आहे. शेवटी १ आला म्हणजे ९ ने भागून १ उरतो, आणि ३ ने भागून सुद्धा. ३ चा उमेदवार एका ओळीत बाद. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करा, ७ − ४ + ६ − ३ + ८ − ४ + ७ − ४ + १ − २, उत्तर १२, त्याला ११ ने भागून १ उरतो म्हणजे ११ पण बाद.

प्रश्न : मूळ आहे हे कळलं. पण मूळ असून त्याचा फायदा काय? हिशोब बिघडवण्यापलीकडे हा आकडा काही कामाचा आहे का?

उत्तर : तुमच्यासारखाच विचार १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्लिश गणित्याने केला होता. ह्या आकड्यापासून एक मोठी संख्या बनते, तिच्याबद्दल खाली नाशिकच्या पत्रात येईलच, तर त्याचं म्हणणं असं की त्या जातीतली ह्याच्याहून मोठी कधीच सापडणार नाही, कारण ह्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग एवढा खटाटोप कोण करेल. मला बार्लोचा राग येत नाही, हाताने भागाकार करणाऱ्या माणसाने तसं म्हणणं साहजिक आहे. पण खटाटोप करणारे निघाले.

उपयोगाचं एक उदाहरण देते. कॉम्प्युटरला फासे टाकता येत नाहीत, त्याला आकडेमोड करूनच फाशासारखे आकडे काढावे लागतात. साठच्या दशकाच्या शेवटापासून वापरात असलेली एक पद्धत अशी की एक आकडा घ्यायचा, त्याला १६,८०७ ने गुणायचं, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचं आणि बाकी हाच पुढचा फासा. परत गुणा, परत भागा. गंमत अशी की ह्या साखळीत १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदाच येतो आणि सगळे संपल्याशिवाय एकही परत येत नाही. छोट्या आकड्यांवर करून बघा. भागायला ७ घ्या, गुणायला ३ : १, ३, २, ६, ४, ५ आणि मग परत १. सहाच्या सहा आले. आता भागायला ९ घ्या जी मूळ नाही, गुणायला २ : १, २, ४, ८, ७, ५, आणि परत १. ३ आणि ६ कधी येतच नाहीत, गुणायला दुसरं काही घेतलंत तरी ९ सोबत आठच्या आठ मिळणार नाहीत. मूळ असली की गुणणारा नीट निवडून पूर्ण फेरी मिळते. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, तो असाच नीट निवडलेला आहे. आज ह्याच्यापेक्षा चांगल्या पद्धती आल्यात, गुपित जपायला ही अजिबात वापरू नये, पण कित्येक वर्षं कित्येक प्रोग्रॅमांचे फासे ह्याच आकड्यावर पडले.

प्रश्न : आम्ही नाशिककर. कापरेकर मास्तर आमच्या देवळालीचे. त्यांच्या संख्यांशी तुमच्या आकड्याचा काही संबंध लागतो का? नसला तरी चालेल, पण विचारावंसं वाटलं.

उत्तर : लागतो, आणि फार सुंदर लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून मला लिहायला मिळतंय.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर माहीत आहे. पण त्यांच्या नावाच्या अजून एका तऱ्हेच्या संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५. बेरीज ४५. तसंच २९७ चा वर्ग ८८,२०९, आणि ८८ + २०९ = २९७. वर्ग केला, तोडला, जोडला, की मूळची संख्या परत. ह्या कापरेकर संख्या.

आता परिपूर्ण संख्या आठवा. २८ चे स्वतःला सोडून विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडपासून माहीत आहे की दुपटीतून एक वजा करून मूळ संख्या आली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनते. ३ पासून २ × ३ = ६, ७ पासून ४ × ७ = २८, ३१ पासून १६ × ३१ = ४९६. आपल्या आकड्याला १,०७,३७,४१,८२४ ने गुणा, येतात २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या, बार्लो म्हणत होता ती हीच.

आता दोन्ही एकत्र आणा. ६ चा वर्ग ३६, १६ ने भागा, भाग २ बाकी ४, बेरीज ६. २८ चा वर्ग ७८४, ६४ ने भागा, भाग १२ बाकी १६, बेरीज २८. ४९६ चा वर्ग २,४६,०१६, १,०२४ ने भागा, भाग २४० बाकी २५६, बेरीज ४९६. दरवेळी भागणारा आकडा २ चा घात आहे, म्हणजे मशीनच्या चालू-बंद लिपीत, बायनरीत, हे भागणं म्हणजे आकडा एका जागी तोडणंच झालं. कापरेकर मास्तर दहाच्या पायावर तोडायचे, इथे दोनच्या पायावर तोडलंय, एवढाच फरक. आणि हे प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला लागू पडतं. वरची एकोणीस अंकी संख्या घ्या, वर्ग करा, २ च्या ६२ व्या घाताने भागा, भाग आणि बाकी मिळवा, तीच संख्या परत मिळते. बाकी बरोब्बर २ चा ६० वा घात येते, बीजगणिताच्या चार ओळींत सिद्ध होतं, करून बघा. ऑयलरने ज्या आकड्यासाठी कागद भरले आणि देवळालीच्या मास्तरांनी जी तऱ्हा शोधली, ते असे एकमेकांना भेटतात.

प्रश्न : माझी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती म्हणते २०३८ साली ह्या आकड्यामुळे घड्याळं बिघडतील. खरं का? (पुण्याहून)

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. पुष्कळ मशीनं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशी, आणि जुन्या मशीनांत ते सेकंद सांगलीच्या दूध सोसायटीसारख्याच बत्तीस बटणांत ठेवलेत. ते भरतात मंगळवार, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला उणं होऊन मशीनला वाटणार डिसेंबर १९०१ चालू आहे. नव्या मशीनांत चौसष्ट बटणं आहेत, त्यांना काही होणार नाही. प्रश्न आहे तो जी मशीनं एकदा बसवली की वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही त्यांचा. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज ह्याच आकड्याच्या पुढे गेले आणि त्यांनाही मीटर चौसष्ट बटणांचा करावा लागला. चौसष्टवाल्याची कमाल म्हणजे २ चा ६३ वा घात वजा एक, पण ती मूळ संख्या नाही, तिला ७ ने दोनदा भाग जातो.

प्रश्न : मग दुपटीतून एक वजा केला की मूळ संख्या मिळते असा नियम आहे का नाही? तुम्ही एकदा हो म्हणता, एकदा नाही.

उत्तर : नियम नाही, म्हणूनच तर प्रत्येक वेळी तपासावं लागतं. दुपटींची मोजणी स्वतः मूळ असायला हवी एवढं नक्की, ६३ मूळ नाही म्हणून तिथे फसलं. पण तेवढं पुरत नाही, ११ मूळ आहे तरी २०४७ फुटलाच. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतची यादी दिली, म्हणून ह्या संख्यांना त्याचं नाव. त्याच्या यादीत ६७ होता. लुकास ह्या फ्रेंच गणित्याने १८७६ मध्ये दाखवलं की ६७ चा आकडा मूळ नाही, पण तो कशाने फुटतो ते सांगता आलं नाही. मग १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक कोल नावाचा गणिती फळ्यापाशी गेला. असं सांगतात की तो एक शब्दही बोलला नाही, एका बाजूला ६७ वेळा दुप्पट करून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हाताने पूर्ण केला, दोन्हीकडे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ आले आणि तो जागेवर जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यातला छोटा आकडा घेऊन एक वजा केला आणि ६७ च्या दुपटीने, १३४ ने भागला. १४,४५,५८०, बाकी शून्य. लातूरच्या मुलीला दाखवली तीच चाळणी.

आज सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या ह्याच घराण्यातली आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली, ४,१०,२४,३२० अंकी. ती मशीनने तपासली, तुम्ही-मी ती वहीत तपासू शकत नाही.

पण हे वहीत होतं : २ चा २३ वा घात वजा एक, ८३,८८,६०७. कातालदी ह्याला मूळ म्हणाला होता, फर्माने फोडला. ६२ च्या जागी आता ४६ चा पाढा घ्या, त्यात एक मिळवा आणि भागायला लागा. फार लांब जावं लागणार नाही. उत्तर आणि भागाकाराचं पान, दोन्ही पाठवा.